वर्गाची सत्तरी, माहेरचे संमेलन आणि अडलेला होकार

पत्राचा सारांश : पत्रलेखिकेचे वय सत्तर असून त्या पुण्यात मुलाकडे राहतात. यजमानांना जाऊन तीन वर्षे झाली. कराडजवळच्या एका शाळेतून त्यांनी मार्च १९७२ मध्ये जुनी अकरावीची एसएससी दिली, त्याच वर्षी लग्न झाले आणि वर्गाशी संबंध तुटला. अलीकडे कोणीतरी त्यांना वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात घेतले. सर्वांची सत्तरी एकत्र साजरी करण्यासाठी येत्या जानेवारीत कराडला दोन दिवसांचा स्नेहमेळावा ठरला आहे. स्त्रियांनी एका रंगाच्या साड्या नेसायच्या, प्रत्येकाने व्यासपीठावर येऊन आपल्या वाटचालीविषयी बोलायचे आणि संध्याकाळी हळदीकुंकू, असा बेत आहे. त्याच्या पुढच्या रविवारी माहेरच्या घराण्याचे कुलसंमेलन गावी आहे, जेथे त्या कित्येक वर्षे गेलेल्या नाहीत. वडिलांच्या पश्चात भावाच्या सांगण्यावरून त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली होती. पुढे त्या जमिनीतला महामार्गालगतचा तुकडा विकला गेला आणि ही बातमी त्यांना परक्या माणसाकडून कळली. संमेलनाचे निमंत्रण भाच्याने मोबाइलवर पाठवले, वहिनींचा फोन आला, भावाचा आला नाही. त्या लिहितात, “मी कधी नोकरी केली नाही, मुलाचा संसार मोडला, डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही आणि हळदीकुंकवाच्या वेळी आपण कुठे बसायचे हेही कळत नाही. दोन्हीकडे जाऊ नये असेच वाटते. पण वर्गातले तेरा जण गेले. आता नाही गेले तर पुन्हा कोण भेटणार, ही टोचणीही आहे. मी काय करू?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे मूळ पत्र बरेच मोठे आहे आणि त्यातला एक भाग वरच्या सारांशात येऊ शकला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही सातवीत होतात. घराच्या भिंतीला तडे गेल्यामुळे तुमचे कुटुंब कित्येक रात्री शेजाऱ्यांसोबत उघड्यावर झोपले, आणि बाकावर शेजारी बसणारी तुमची मैत्रीण व तुम्ही एकाच घोंगडीत, जमीन पुन्हा हलते का याचा कानोसा घेत जाग्या राहत होतात, असे तुम्ही लिहिले आहे. या मैत्रिणीचे नाव पत्रात तीनदा आले आहे. भावाचे नाव एकदाही आलेले नाही, त्यांचा उल्लेख सगळीकडे ‘भाऊ’ एवढाच आहे. न जाण्याची कारणे तुम्ही सविस्तर मांडलीत, परंतु जावेसे का वाटते याचे उत्तर मला त्या घोंगडीच्या चार ओळींत सापडले, ‘तेरा जण गेले’ या वाक्यात नव्हे.

म्हणून सर्वप्रथम मी तुमचा प्रश्नच थोडा बदलून पाहतो. मेळाव्याला जावे की नाही, असे तुम्ही विचारता. मला वाटते, आपल्याला कोणाला भेटायचे आहे, हे आधी ठरवावे आणि मग त्या भेटीसाठी मेळावा ही योग्य जागा आहे का, ते पाहावे. साठ माणसे, ध्वनिक्षेपक, सत्कार, समूह छायाचित्र आणि जेवणाची रांग यांच्या मधल्या फटीत जे बोलणे होते त्याला भेट म्हणणे कठीण आहे. पुष्कळ लोक अशा मेळाव्यांहून दमून आणि काहीसे रिकामे होऊन परततात याचे कारण वृद्धत्व हे नसते. ते ज्या दोघा-तिघांसाठी गेलेले असतात, त्यांच्याशी निवांत बोलणे झालेलेच नसते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सेन यांनी वाढत्या वयातील नातेसंबंधांचा दीर्घ अभ्यास केला आहे. हातात असलेला काळ मर्यादित आहे याची जाणीव झाली की माणसे ओळखीपाळखींचा पसारा आपणहून आवरतात आणि मनाला जवळच्या वाटणाऱ्या थोड्या माणसांना अधिक वेळ देऊ लागतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेव्हा साठ जणांना भेटण्याचा तुम्हाला उत्साह वाटत नाही, यात तुमचे काही बिनसलेले नाही. तुमच्या मुलाला आईने ‘सगळ्यांत मिसळावे’ असे वाटते ते प्रेमापोटीच, परंतु त्याच्या वयाची मोजपट्टी तुम्हाला लागू होत नाही.

आता तुमच्या मुख्य भीतीकडे येतो. तुम्ही असे गृहीत धरले आहे की व्यासपीठावरची ती दोन मिनिटे म्हणजे आयुष्याचे प्रगतिपुस्तक आहे, आणि तुमच्या पुस्तकात नोकरीचा रकाना कोरा, मुलाच्या संसाराच्या रकान्यात लाल रेघ. परंतु हे गृहीतक तुमचे एकटीचे नाही. त्या सभागृहातील जवळपास प्रत्येक जण स्वतःच्या दोन मिनिटांची धास्ती घेऊन बसलेला असेल. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या मनात परदेशातून फोन न करणारी मुलगी असेल, बँकेतल्या अधिकाऱ्याच्या मनात विकावे लागलेले घर असेल. दुसऱ्याचे मूल्यमापन करण्याइतकी सवड अशा वेळी फार थोड्यांना असते. काही जणांना ती असतेच, हेही खरे. परंतु सत्तराव्या वर्षीही पगार, बंगला आणि नातवंडांचे परदेशी विद्यापीठ यांचीच यादी वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या मताला तुम्ही इतके महत्त्व का द्यावे?

शिवाय हा वर्ग कोणता होता, याचाही विचार करा. मार्च १९७२ मध्ये तुमची परीक्षा झाली आणि त्या पावसाळ्यात महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तुमच्या वर्गातील किती मुलांनी पुढच्या वर्षी खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या कामावर सुकडी खाऊन दिवस काढले असतील, किती जण पाटण-कराडच्या त्या काळच्या रीतीप्रमाणे मुंबईला गिरणीत किंवा माथाडी म्हणून धक्क्यावर गेले असतील, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक असेल. जे गिरणीत गेले त्यांच्यापुढे जानेवारी १९८२ मध्ये संप उभा राहिला आणि अनेकांची नोकरी त्यानंतर परत मिळाली नाही. ज्या मुली आठवीतून किंवा नववीतून काढल्या गेल्या, त्या तर या यादीतच नाहीत. व्हॉट्सॲपवरचा गट म्हणजे संपूर्ण वर्ग, असे मानण्याची चूक आयोजक हमखास करतात. गटात जे बोलके आहेत ते बहुतेक सुस्थितीतले आहेत, म्हणून तुम्हाला आपणच मागे राहिलो असे वाटते. तुम्ही आयोजकांना एवढेच विचारून पाहा की माथाडीत गेलेल्या अमुक मुलाचा, मध्येच शाळा सोडलेल्या तमुक मुलीचा कोणी शोध घेतला का. या एका प्रश्नाने मेळाव्याचा रंग बदलू शकतो, आणि तुम्हालाही प्रेक्षक म्हणून न जाता काही काम घेऊन जाता येईल.

बोलण्याची वेळ आली तर वाटचाल सांगण्याचे बंधन मानू नका. भूकंपाच्या त्या रात्री सांगा. शाळेच्या इमारतीत जायला मुले घाबरत होती तेव्हा कोणत्या शिक्षकांनी झाडाखाली वर्ग भरवला, हे सांगा. पुण्यात तुमच्या घरी, तुमच्या मुलाला किंवा शेजाऱ्यांना, हे ऐकून फार तर नवल वाटेल. त्या सभागृहात मात्र ते ऐकताच निम्मी माणसे आपापल्या अंगणात, आपापल्या आईशेजारी जाऊन पोहोचतील. जुन्या सोबत्यांकडे आपली एवढी एक गोष्ट असते जी दुसऱ्या कोणाकडे नसते : आपण कोणाची पत्नी, कोणाची आई होण्याआधी कशा होतो, याची साक्ष. तुमचे लग्नातले नाव निराळे आहे असे तुम्ही लिहिले आहे. आई-वडील गेल्यानंतर तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारणारे लोक जवळजवळ याच वर्गात उरले असावेत.

मुलाच्या घटस्फोटाविषयी कोणी विचारलेच, तर त्यासाठी एक वाक्य घरूनच ठरवून न्यावे : “तो पुण्यातच असतो, आता बरा आहे, मी त्याच्याकडेच राहते.” हे वाक्य खरे आहे आणि पूर्ण आहे. त्यापुढचा तपशील ही मुलाची खासगी बाब आहे, म्हणून तो न सांगण्यात लपवाछपवी नाही. ज्या मैत्रिणीला सांगावेसे वाटेल तिला खोलीत बसून सांगा.

हळदीकुंकवाचा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत गंभीर वाटतो, आणि तुम्ही तो पत्रात एका ओळीत उरकला आहे. मेळावा संक्रांतीनंतरचा असल्यामुळे कोणाला तरी हा कार्यक्रम सुचला असणार, त्यामागे कोणाचा वाईट हेतू नसणार, हे मला मान्य आहे. परंतु सत्तर वर्षांच्या स्त्रियांच्या मेळाव्यात निम्म्याहून अधिक जणींचे यजमान हयात नसणे अगदी शक्य आहे. तेथे सवाष्णींपुरता समारंभ ठेवायचा म्हणजे अर्ध्या वर्गमैत्रिणींना त्यांच्या दुःखाच्या निकषावर बाजूला बसवायचे, असा त्याचा अर्थ होतो. मे २०२२ मध्ये तुमच्या भागापासून फार दूर नसलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुकरण करावे, असे कळवले. एका खेड्याच्या ग्रामसभेला जे जमले ते सुशिक्षित माजी विद्यार्थ्यांना जमू नये, असे मला वाटत नाही.

तथापि हा प्रश्न सभागृहात, ताटली समोर आल्यावर सोडवायचा नसतो. आयोजकांपैकी जी स्त्री तुमच्या ओळखीची असेल तिला आताच फोन करा आणि सांगा की एक तर सर्व जणींना हळदीकुंकू लावावे, नाही तर केवळ तिळगूळ वाटावा. हे सांगणाऱ्या तुम्ही एकट्या असाल असे समजू नका, कारण कोणीतरी पहिल्यांदा बोलण्याची वाट बाकीच्या पाहत असतात. त्याच वेळी तुम्हाला स्वतःला काय हवे आहे हेही ठरवा. काही स्त्रियांना कुंकू लावून घ्यावेसे वाटते, काहींना मनापासून वाटत नाही, आणि दुसऱ्या प्रकारच्या स्त्रियांवर पुरोगामीपणाच्या उत्साहात सक्ती करणे हेही शहाणपणाचे नाही. तुमची इच्छा नसेल तर हात जोडून ‘तिळगूळ द्या’ म्हणावे. एका रंगाच्या साड्यांचा आग्रह मला व्यक्तिशः कधीच समजलेला नाही. तुमच्याकडे त्या रंगाची साडी नसेल तर केवळ त्यासाठी घेऊ नका.

कानाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, त यांसारखी व्यंजने निसटू लागतात, त्यामुळे माणूस बोलतो आहे हे कळते पण काय बोलतो आहे ते कळत नाही, आणि गोंगाटात तर मुळीच कळत नाही. मग आपण चुकीच्या जागी हसतो, नंतर हसणेही बंद करतो आणि लोकांना वाटते की बाई अबोल झाल्या. वैद्यकीय संशोधनात तर मध्यम वयातील आणि उतारवयातील श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक मानला जातो. तुमच्या बाबतीत दोष एकाच कानात असल्याचे तुम्ही लिहिता, त्यामुळे ते केवळ वयाने झाले असे घरच्या घरी ठरवू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी, कदाचित आत मळच साचला असेल. श्रवणयंत्र लागणार असेल तर त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात, म्हणून मेळाव्याच्या आदल्या दिवशी घेतलेल्या यंत्राचा उपयोग होत नाही. सभागृहात ध्वनिक्षेपकाच्या खोक्यापासून दूर, भिंतीकडे पाठ करून, चांगला कान मैत्रिणीकडे राहील अशा खुर्चीवर बसा आणि “डाव्या बाजूने मला ऐकू येत नाही” हे सुरुवातीलाच सांगून टाका. त्या वयोगटात हे वाक्य ऐकून कोणी चकित होत नाही.

‘आता नाही तर कधी’ या टोचणीविषयीही थोडे बोलले पाहिजे. तेरा वर्गमित्र गेले याचे दुःख खरे आहे, परंतु मृत्यूच्या धाकाने स्वीकारलेली निमंत्रणे बहुधा सुखाची होत नाहीत. ज्यांना शाळेत जातीवरून वेगळे बसवले गेले, फी न भरल्याबद्दल वर्गाबाहेर उभे केले गेले, ज्यांनी एखाद्या शिक्षकाचा अमानुष मार खाल्ला, त्यांनी त्याच शाळेच्या गुणगानाला उपस्थित राहिलेच पाहिजे असा काही नियम नाही. असे पत्र मला आले असते तर मी जाऊ नका असेच लिहिले असते, किंवा जायचे तर ती गोष्टही व्यासपीठावर सांगण्याच्या तयारीने जा, असे लिहिले असते. तुमच्या पत्रात शाळेविषयी असा कोणताही कडवटपणा मला आढळला नाही. तुम्हाला भीती वाटते ती आजच्या स्वतःची ओळख करून देण्याची. म्हणून शाळेच्या मेळाव्याला तुम्ही जावे, असे माझे मत आहे, मात्र संपूर्ण दोन दिवसांसाठी नव्हे. पहिल्या दिवशी सकाळी जावे, दुपारच्या जेवणानंतर सभागृहातून बाहेर पडावे आणि संध्याकाळ त्या मैत्रिणीच्या घरी किंवा तिच्या खोलीत घालवावी. तिला आजच फोन करून हे ठरवून टाका. ती मेळाव्याला येणार नसेल, तर मेळावा बाजूला ठेवून केवळ तिच्याकडे गेलात तरी माझ्या दृष्टीने तुमचे काम झाले.

कुलसंमेलनाची गोष्ट निराळी आहे आणि तिला मी इतक्या सहजपणे होकार देणार नाही.

हक्कसोडपत्रावर सही केल्याचा तुम्हाला पश्चात्ताप होतो का, हे पत्रातून स्पष्ट होत नाही. ‘पैशाचा प्रश्न नव्हता’ असे तुम्ही लिहिता. ते मी खरे मानतो, परंतु स्वतःशी एकदा पुन्हा तपासून पाहा, कारण या दोन दुखण्यांचे उपाय वेगवेगळे आहेत. दुखणे पैशाचे किंवा हक्काचे असेल तर ते वकिलाकडे न्यायचे असते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ही दुरुस्ती अमलात आली तेव्हा वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क कायम राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. परंतु आपणहून सही करून नोंदवलेले हक्कसोडपत्र ही वेगळी बाब आहे आणि ते रद्द होणे सोपे नसते. दस्ताची प्रत, सातबारा आणि फेरफाराचे उतारे घेऊन एखाद्या जाणकार वकिलाला एकदा दाखवा. त्यांनी ‘आता काही होण्यासारखे नाही’ म्हटले तरी ते कळल्यामुळे मनातला एक कोपरा मोकळा होतो.

दुखणे न सांगितल्याचे असेल, आणि मला ते तसेच दिसते, तर त्याचा इलाज वकिलाकडेही नाही आणि संमेलनाच्या मांडवातही नाही. तुम्ही बहीण म्हणून सही केलीत, आणि जमीन विकताना तुम्हाला बहीण म्हणून एक फोनही आला नाही. हे भावाला कधी कोणी सांगितले आहे का? तुम्ही इतकी वर्षे न जाऊन ते सांगत आहात, असे तुम्हाला वाटते. परंतु न जाण्याचा अर्थ समोरचा माणूस आपल्या सोयीने लावतो. ताई पुण्यात रमली, तिला आता गावाचे काय, असा अर्थ तिकडे लावला गेला नसेलच असे नाही. भावाचा फोन आला नाही याचाही अर्थ तुम्ही एकच लावला आहे. आपण चुकलो हे ठाऊक असलेली, आणि त्यामुळेच फोन उचलायला न धजणारी माणसे त्या पिढीत पुष्कळ आहेत. पत्नीला फोन करायला लावणे ही त्यांची जुनी पद्धत आहे. तुमच्या वहिनींचा फोन कोणाच्या सांगण्यावरून आला, हे मला तरी सांगता येणार नाही. तुम्हालाही ते अद्याप माहीत नाही.

म्हणून संमेलनाआधी भावाला एकट्याला भेटा. कराडला जाणारच असाल तर मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीच गावी जाऊन या. दुपारची वेळ निवडा, भाचे कामावर असताना. सोबत मुलाला नेऊ नका, कारण तो बरोबर असला की बोलणे आपोआप दोन घरांच्या बाजूंचे होते. जुना सगळा हिशेब मांडू नका. “तू जमीन विकलीस याचे मला काही नाही, पण मला दुसऱ्याकडून कळले याचे फार वाईट वाटले” एवढेच सांगा आणि थांबा. तो माफी मागेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. कदाचित तो आजारपणाच्या, कर्जाच्या, मुलीच्या लग्नाच्या अडचणी सांगेल, कदाचित चहा घे म्हणून उठून जाईल. यापैकी काहीही झाले तरी तुमचे सांगून झालेले असेल. मग पुढच्या रविवारी त्या मांडवात बसणे तुम्हाला सहन होईल की नाही, हे तुम्हाला परतीच्या एसटीतच समजेल. भेट झालीच नाही, किंवा भावाने दाराशीच विषय तोडला, तर संमेलनाला जाऊ नका. कुलदैवताच्या दर्शनाला संमेलनाची तिथी लागत नाही, एखाद्या साध्या दिवशी मैत्रिणीला घेऊन जाता येते.

संमेलनाला गेलातच तर दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली म्हणजे त्या दिवशी कोणत्याही कागदावर सही करू नये. सगळे वारस एका जागी जमतात म्हणून देवस्थानाच्या जागेचे, वारसनोंदीचे, वाटपाचे कागद अशाच दिवशी पुढे येतात आणि ‘आत्या, इथे फक्त एक सही’ असे हसतमुखाने सांगितले जाते. “कागद घरी पाठव, वाचून कळवते” हे उत्तर तयार असू द्या. दुसरी गोष्ट कुलवृत्तांताची. जुन्या कुलवृत्तांतांमध्ये मुलीची ओळख पुष्कळदा ‘कन्या’ म्हणून एका शब्दात आटोपलेली असे. नवी आवृत्ती निघत असेल तर तुमचे माहेरचे नाव, जन्मवर्ष आणि शिक्षण त्यात छापले जाईल, असा आग्रह धरा. १९७२ मध्ये तुमच्या गावातून एसएससी झालेल्या मुली किती होत्या, हे त्या घराण्याच्या आजच्या मुलींना वाचायला मिळू द्या. माहेरवाशिणींची ओटी भरण्याच्या कार्यक्रमाबाबत हळदीकुंकवाविषयी वर लिहिले तेच लागू होते, आणि ते वहिनींना सांगणे अधिक सोपे जावे.

या विषयावर दर हिवाळ्यात पत्रे येतात, त्यामुळे आयोजकांनाही चार शब्द सांगतो. पदके, स्मृतिचिन्हे आणि प्रमुख पाहुणे यांवर वेळ घालवू नका. सत्तरीतल्या माणसांना तळमजल्यावरची खोली, कमोड असलेले स्वच्छतागृह, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि वेळेवर जेवण लागते. भाषणे लांबली म्हणून दुपारचे जेवण अडीचपर्यंत पुढे ढकलणे हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे. छातीवरच्या नावाच्या पट्टीवर स्त्रियांची माहेरची नावे मोठ्या अक्षरांत लिहा, नाही तर कोणी कोणाला ओळखत नाही. दिवंगत सोबत्यांची नावे सुरुवातीलाच, प्रत्येकाविषयी एक वाक्य सांगून वाचा. वर्गणी एकाकडेच, गुपचूप द्यायची सोय ठेवा आणि कोणी किती दिली हे गटावर जाहीर करू नका, कारण कित्येक जण केवळ त्या आकड्यापायी येत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत निदान दोन तास पूर्ण मोकळे सोडा.

पत्नीच्या निधनानंतर एकटे पडलेल्या पुरुषांचीही पत्रे येतात. घराण्यातील सर्व नाती पत्नीने सांभाळलेली असतात आणि ती गेल्यावर कोणाला काय विचारावे हेच या गृहस्थांना सुचत नाही. अशांनी नावे, नाती आणि मुलांची शिक्षणे एका कागदावर लिहून न्यावीत, त्यात काही कमीपणा नाही. जोडीदाराला स्मृतिभ्रंश असेल तर मोठ्या मेळाव्याऐवजी त्यांच्या ओळखीच्या एक-दोन माणसांनाच घरी बोलवावे. गर्दी, नवी जागा आणि बदललेली झोपेची वेळ यांनी त्यांचा गोंधळ वाढतो.

प्रवासाचे फार अवघड नाही. पुण्याहून कराड सुमारे एकशे साठ किलोमीटर आहे, एसटीत तुम्हाला स्त्री म्हणून आणि ज्येष्ठ नागरिक म्हणूनही अर्धेच तिकीट पडते, तेव्हा आधार कार्ड सोबत ठेवा. रेल्वेने जायचे ठरवलेत तर कराडचे स्थानक शहराबाहेर ओगलेवाडीला आहे, म्हणून मैत्रिणीकडच्या कोणाला तरी आधी कळवून ठेवा. रोजच्या गोळ्या मोठ्या पिशवीत न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेवा. परत आल्यावर व्हॉट्सॲप गटाचा आवाज बंद करायला हरकत नाही, शुभ सकाळची चित्रे म्हणजे मैत्री नव्हे. त्याऐवजी जिच्याशी बोलणे अर्धे राहिले असेल तिला आठवड्याभरात फोन करा.

तर आता क्रम असा असावा. या आठवड्यात कानाची तपासणी आणि मैत्रिणीला फोन, त्यानंतर हळदीकुंकवाविषयी आयोजकांशी बोलणे. मेळाव्याला एका दिवसाचा होकार कळवा. वहिनींना मात्र होकार किंवा नकार न कळवता, “आधी दादाला भेटायला येते, मग ठरवू” एवढाच निरोप द्या. त्यावर तिकडून काय उत्तर येते ते मला अवश्य कळवा.